वऱ्हाडातल्या कापूसबाजाराच्या गावात, १९१० ते १९२०: माल कसा विकत, सौदा कसा नेत, काम कसं शोधत

तुमचा प्रश्न असा: कादंबरीचा नायक १९१२च्या सुमारास वऱ्हाडातल्या एका खेड्यातून तालुक्याच्या गावी येतो. घरचा कापूस विकायचा आहे, घरासाठी सौदा, म्हणजे लागणारं सामानसुमान, न्यायचा आहे आणि जमलं तर तिथेच कुठे काम धरायचं आहे. हे सगळं प्रत्यक्षात कसं घडत असे, पैसा कसा मोजत, कामासाठी कोणाच्या दारात उभं राहावं लागे, आणि आजचे लेखक यात कुठे चुकतात?

मी जुन्या मोडी वह्या वाचून देण्याचं काम करतो. लोक घरातल्या कीर्द-खतावण्या म्हणजे हिशेबाच्या वह्या, गहाणखतं, रोखे म्हणजे कर्जाचे लेखी कागद घेऊन येतात आणि त्यातून आजा-पणजाचा हिशेब लावून मागतात. त्या कागदांवरून सांगायचं तर सगळ्यात मोठी चूक एकच होते: लेखक नायकाच्या खिशात पैसे ठेवतात. तो दुकानात जातो, भाव विचारतो, पैसे देतो आणि वस्तू घेऊन बाहेर पडतो. वर्षातले तीन-चार महिने सोडले तर त्या काळच्या शेतकऱ्याच्या बाबतीत असं फारसं होत नसे. माल विकणं, सौदा घेणं आणि काम मिळणं हे तिन्ही एकाच उधारीच्या खात्यातून चालत. ते खातं कोणाकडे आहे हे आधी ठरवा, कथानकाचे निम्मे धागे आपोआप जुळतील.

गाव म्हणून खामगाव डोळ्यासमोर ठेवा. भुसावळ-नागपूर लोहमार्ग १८६७ साली पुरा झाला आणि १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत फाटा टाकला गेला. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. एका तालुक्याच्या गावासाठी व्हाइसरॉय येतो, तो कापसासाठी. राली ब्रदर्स, व्होलकार्ट अशा परदेशी पेढ्यांचे खरेदीदार या भागात बसत. कारंजा, अमरावती, अकोला ही गावंही त्याच धाटणीची. यवतमाळकडचं गाव हवं असेल तर मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी १९०३नंतरची आहे हे लक्षात असू द्या. त्याआधीच्या प्रसंगात तिची शिट्टी वाजवू नका. शिवाय १९०३पासून वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला होता. त्यामुळे नायकाचा मोठा साहेब नागपूरला बसतो, मुंबईला नाही. कापूस मात्र मुंबईलाच जातो.

आता कापूस विकण्याचा दिवस. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते आणि त्यानंतर बंड्या, म्हणजे बैलगाड्या, तालुक्याच्या गावाकडे निघतात. नायक रात्रीच बैल जुंपेल, कारण पहाटे बाजाराच्या आवारात रांगेत जागा मिळाली पाहिजे. सकाळी मुंबईहून तार आल्याशिवाय भाव निघत नसे. कुलाब्याच्या रुईबाजारात काय झालं, त्याआधी लिव्हरपूलला काय झालं, हे तारेतून पेढीवर कळे आणि मग व्यापाऱ्यांत त्या दिवसाचा भाव ठरे. बंडीवर बसलेल्या माणसाला यातलं काही ठाऊक नसे. त्याला दिसे तो दलाल. खरेदीदाराचा माणूस कापसात कोपरापर्यंत हात खुपसून आतली मूठभर रुई ओढून काढी. ती ओलसर आहे का, पत्ती किती, धागा किती लांब, हे बोटांनी ताणून पाही. मग दलाल आणि खरेदीदार उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबत भाव ठरवत. शेतकरी समोर उभा असे, पण त्याच्याच मालाचा भाव त्याला सगळ्यात शेवटी कळे. हा प्रसंग तुम्ही सावकाश लिहा. नायकाची त्या बाजारातली जागा वाचकाला इथेच कळेल.

भाव ठरला की चिठ्ठी मिळे आणि बंडी जिनाकडे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याकडे, जाई. खरी लढाई तिथे. तोलताना खरेदीदाराचा माणूस म्हणे, माल नमुन्याप्रमाणे नाही, खालचा कापूस ओला आहे. आता शेतकऱ्याने काय करावं? बंडी निम्मी रिकामी झालेली, बैल उपाशी, घर दहा कोसांवर. तो भाव तोडून देई. वर कपाती असतच: अडत, दलाली, हमाली, तोलाई, धर्मादाय, गोरक्षणाचा पैसा, आणि वजनात सूट म्हणून कडता. एकेक रक्कम आण्या-पैशांची असे, पण वहीत त्या एकाखाली एक लिहिलेल्या पाहिल्या की छातीत कळ येते. देणारा निरक्षर, आणि लिहिणारा त्याचाच अडत्या, म्हणजे अडत घेऊन त्याचा माल विकून देणारा पेढीवाला.

याला आळा घालायचा प्रयत्न वऱ्हाडात देशातल्या इतर भागांच्या आधी झाला हेही सांगितलं पाहिजे. कारंज्याचा बाजार १८८६ साली नियमाखाली आणला गेला आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजाराची जागा ठरली, दलाल आणि तोलाऱ्यांना परवाना लागू लागला, देखरेखीला समिती आली. मुंबई इलाख्यात असा कायदा व्हायला १९२७ उजाडलं. पण वऱ्हाडातल्या त्या समितीत बसत व्यापारी आणि नगरपालिकेची माणसं. पिकवणाऱ्याला तिथे जागा नव्हती. म्हणून नायकाला समितीकडे दाद मागायला पाठवायचं असेल तर जरूर पाठवा, कायदा तसा होता. फक्त तिथे खुर्चीवर कोण बसलेलं असेल ते विसरू नका.

वजनांबद्दल थोडं. धान्य मापाने जाई, कापूस वजनाने. पायली, मण, खंडी हे शब्द सगळीकडे असले तरी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीला भरत नसे, त्यामुळे आकडा देताना गावाचं माप म्हणूनच द्या. कापसाची मुंबईची खंडी मात्र ठरलेली होती, ७८४ पौंडांची. ढोबळमानाने तीन भाग कापसातून एक भाग रुई निघे, उरलेली सरकी. सरकी बैलाला आणि दुभत्याला लागे, म्हणून शेतकरी जिनाकडून ती पुन्हा विकत नेई.

कापसाचा पैसा हातात आला की तो कुठे जाई? आधी अडत्याकडे. बी-बियाण्याला, पोळ्याला, बहिणीच्या लग्नाला त्यानेच पैसे दिलेले असत. धान्य उसनं नेलं असेल तर सुगीला सवाईने किंवा दिढीने परत करायचं, म्हणजे मणाला सव्वा मण किंवा दीड मण. रोख कर्जाचा रोखा तीन वर्षांत कायद्याने मुदतबाह्य होई. म्हणून तिसरं वर्ष संपायच्या आत सावकार नवा रोखा लिहून घेई, आणि साचलेलं व्याज मुद्दलात मिसळे. मी वाचलेल्या वह्यांत असे रोखे एकाच घराच्या नावावर ओळीने सापडतात, बाप जाऊन मुलाचा अंगठा येतो आणि मुद्दल फुगत जातं. नायकाच्या घरची जमीन जायची असेल तर ती एका रात्रीत, एका दुष्ट सावकाराच्या डावाने घालवू नका. ती या तीन-तीन वर्षांच्या पायऱ्यांनी जाते. सगळं रीतसर असतं, स्टॅम्पाच्या कागदावर असतं, म्हणून तर ते भयंकर आहे.

उरलेल्या पैशात सौदा. आठवडी बाजारात मिरची, मीठ, मसाला, गाडगी-मडकी, बैलाच्या वेसणी-कासरे, आणि रोजची भाजी संध्याकाळच्या गुजरीत. पक्क्या दुकानात कापड, रॉकेल, आगपेट्या, मोरस साखर. ही साखर मॉरिशसकडून येई म्हणून मोरस. पुष्कळ घरांत ती केवळ पाहुण्यांसाठी आणि देवासाठी असे, एरवी गूळच. १९०५नंतर स्वदेशीची हवा इथेही पोचली होती, तेव्हा कापड दुकानात विलायती धोतरजोडीवरून दोन वाक्यं झडली तर ती खरीच वाटतील. शिलाई यंत्र हवं असेल तर सिंगर कंपनीचे एजंट ते हप्त्यावर देत. नायकाच्या गावातल्या शिंप्याच्या घरी ते यंत्र येण्याचा दिवस ही एक आख्खी गोष्ट आहे. टपालाने व्हीपीपी करून, म्हणजे पार्सल हातात पडताना पैसे भरून, औषधं आणि घड्याळं मागवण्याचीही पद्धत रुळली होती. केसरीसारख्या पत्रांत त्यांच्या जाहिराती असत.

बैल विकत घ्यायचा असेल तर तो बाजार वेगळा. दात पाहायचे: दुदाती, चौदाती, सहादाती, आणि सगळे दात आले की जुळलेला. खूर, शिंगं, भोवरा पाहायचा, गाडीला जुंपून चार पावलं चालवायचा. इथेही उपरण्याखालची बोटं आणि इथेही दलाल.

पैसा मोजण्यात लेखक हमखास घसरतात. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पया. म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे, शंभर नव्हेत. चवली दोन आण्यांची, पावली चार आण्यांची, अधेली आठ आण्यांची. मोडी वहीत उभी रेघ म्हणजे पावली आणि आडवी रेघ म्हणजे आणा. रुपयांच्या आकड्यापुढे दोन उभ्या आणि एक आडवी रेघ दिसली तर ते वर नऊ आणे. घरात वही सापडली तर आधी हे तपासा, कारण लोक उभ्या रेघेला एकचा आकडा समजून साडेपाच रुपयांचे पाचशे अकरा करून टाकतात. सालही जपून लावा. व्यापाऱ्याची वही दिवाळीच्या पाडव्याला बदले. मारवाडी पेढीवर संवत असे, इतरत्र शक. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, संवतातून ५७ वजा केले की येतो, एक जानेवारी उलटली की वर्ष बदलेपर्यंत एकाचा फरक पडतो. संवत १९५६ म्हणजे १८९९-१९००, तोच छप्पनचा दुष्काळ. त्या सालाच्या पानांवर नव्या कर्जाची गर्दी आणि जमेची बाजू मोकळी, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. १९१२ साली पंचविशीत असलेल्या तुमच्या नायकाने तो दुष्काळ लहानपणी डोळ्यांनी पाहिलेला असणार. भाकरी वाया गेलेली त्याला चालणार नाही.

बायकांचा बाजार लेखकांच्या नजरेतून सुटतो, आणि मला याचं फार वाईट वाटतं. कापूस वेचणाऱ्या बाईला मजुरी बहुधा वेचलेल्या कापसातल्या वाट्याच्या रूपात मिळे. तो वाटा पदरात बांधून ती संध्याकाळी किराणा दुकानात जाई आणि त्याच्या बदल्यात मीठ, तेल, हळद घेई. दुकानदार कापूस आपल्या मापाने घेई आणि तेल आपल्या मापाने देई, दोन्हीकडे त्याचाच नफा. असा ओंजळीओंजळीने गोळा झालेला कापूस मग तो बंडी भरून बाजारात पाठवी. घरधन्याचं खातं अडत्याकडे, घरधनिणीचं या दुकानात. नवरा-बायकोला एकमेकांचं देणं नीट माहीत नसणं हे त्या घरांत अगदी शक्य होतं.

आता काम. त्या काळी रिकाम्या जागेची बातमी माणसातर्फेच येई आणि माणूस ओळखीशिवाय ठेवला जात नसे. नायक कोणत्या घरचा, कोणत्या जातीचा आणि शिकलेला किती, यावर त्याच्यासमोरची दारं ठरत.

शिक्षण नसेल तर पहिली वाट सालदारकीची. वर्षाचा करार गुढीपाडव्याला होई, खानदेशाकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. धान्य, धोतरजोडी, जोडा आणि काही रोख असं सालाचं ठरे, आणि रोखीतला बराच भाग आधीच उचल म्हणून घेतलेला असे. उचल फिटल्याशिवाय मालक सोडत नसे. दुसरी वाट जिनाची. कापसाचा हंगाम सुरू झाला की उन्हाळ्यापर्यंत जिन आणि रुईच्या गाठी दाबणारे प्रेस चालत. घालणारे, वाहणारे, गाठी बांधणारे पुरुष आणि रेच्यांपुढे, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांपुढे, बसणाऱ्या बायका. इथे मालक भेटत नाही, मुकादम भेटतो. तो आपल्या गावचा असेल तर काम लागतं, नसेल तर त्याची दस्तुरी द्यावी लागते. रुईचा बारीक तंतू हवेत असतो, संध्याकाळी माणूस खोकत बाहेर येतो. नाका-भुवयांवर पांढरं साचलेलं असतं. रोजगार दिवसाच्या हिशेबाने, आण्यांत. हंगाम संपला की फाटक बंद आणि माणूस पुन्हा शेतावर.

बारमाही काम हवं असेल तर गाव सोडावं लागे. भुसावळला रेल्वेचं मोठं ठाणं होतं, तिथे खलाशी, म्हणजे रेल्वेचा मजूर, म्हणून लागण्याचं स्वप्न वऱ्हाडातली पोरं पाहत. नागपूरला टाटांची एम्प्रेस मिल १८७७पासून चालू होती, पुलगाव आणि हिंगणघाटलाही गिरण्या होत्या. मुंबईच्या गिरण्यांत कोकण आणि घाटावरची माणसं अधिक, त्यांचे जॉबर, म्हणजे गिरणीत माणसं भरणारे मुकादम, त्यांच्याच गावचे. वऱ्हाडातला नायक थेट परळला उतरून कामाला लागला असं दाखवायचं असेल तर मध्ये एखादा नात्याचा माणूस उभा करा, नाहीतर ते पटणार नाही.

मराठी शाळेतून अक्षर वळण चांगलं झालं असेल तर वाट निराळी. कचेरीत थेट नोकरी मिळत नसे, उमेदवारी करावी लागे. म्हणजे तहसिलीत महिनेन् महिने फुकट बसून नकला करायच्या, कारकुनांची कामं उपसायची आणि कोणी रजेवर गेला की बदली म्हणून चार पैसे मिळवायचे. मग कधीतरी दहा-पंधरा रुपयांची जागा. इतके दिवस फुकट जेवू घालणारं घर ज्याच्याजवळ आहे त्यालाच हे परवडे. आणि ती घरं कोणत्या जातींची होती हे सांगायला नको. अर्ज करायचा तर पोस्टकार्डाला एक पैसा पडे. मात्र नुसत्या कार्डावर नोकरी लागल्याचं मला कागदांत क्वचितच दिसलं. कार्डाच्या मागे कोणाची तरी शिफारस असे.

जातीचं सरळ लिहा. अस्पृश्य मानलेल्या गिऱ्हाइकाला दुकानाच्या पायरीखाली उभं राहावं लागे, त्याचा पैसा खाली ठेवून घेत, माल वरून टाकत. तोच माणूस कापसाच्या गाठी वाहत असे आणि त्या गाठींना विटाळ नसे. जिन आणि रेल्वे या दोन ठिकाणी महार समाजातल्या पुष्कळांना गावकीबाहेर रोख मजुरी मिळाली, आणि पुढे मुलांना शाळेत घालण्याचं बळ त्यातून आलं. लष्कराची वाट १८९०च्या दशकात त्यांच्यासाठी बंद झाली होती. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांत ती मोडली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ सालीच मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या होत्या. वऱ्हाडातल्या तहसिलीत तेव्हा असं काही नव्हतं.

तुमची कथा १९२०पर्यंत न्यायची असेल तर युद्धाची वर्षं नीट वापरा. चांदी तुटली म्हणून सरकारने १९१७च्या नोव्हेंबरात एक रुपयाची कागदी नोट काढली आणि १९१८च्या आरंभी अडीच रुपयांचीही. खेड्यातला माणूस कागदावर विश्वास ठेवीना, नोट मोडून द्यायला दुकानदार बट्टा कापू लागला. कापसाला भाव आला पण कापड आवाक्याबाहेर गेलं. कापूस पिकवणाऱ्या घरातल्या बाईकडे अंगावर घालायला दुसरं लुगडं नाही, अशी ती गत. १९१८ साली पाऊस फसला आणि दिवाळीच्या आगेमागे इन्फ्लुएंझा आला. मध्यप्रांत-वऱ्हाडात त्याने माणसं अक्षरशः झोडून काढली. वेचणीला हात उरले नाहीत. पुढच्या हंगामात मुकादम दारोदार फिरून माणसं बोलावू लागला आणि मजुरी चढली. दोन वर्षांनी, १९२०-२१ला, कापसाचा भाव कोसळला. चढत्या भावात ज्यांनी जमिनी घेतल्या किंवा मोठे रोखे लिहून दिले ते तेव्हा बुडाले.

नायकाला शेवटी कुठे कामाला लावू, असंही तुम्ही विचारलं आहे. माझं मत विचाराल तर अडत्याच्या पेढीवर लावा. त्याला थोडं लिहिता येतं, बापाचं खातं त्याच पेढीवर थकलं आहे, म्हणून शेठ त्याला दिवाणजीच्या हाताखाली घेतो आणि त्याचा पगार हातात न देता बापाच्या खात्यात जमा करतो. हे अगदी घडण्यासारखं आहे. तो सकाळी तार वाचायला शिकेल, दुपारी जिनावर तोल लिहील, रात्री खतावणी करील. आधी तो आपल्याच गावच्या बंड्यांचा कडता लिहील. आणि एखाद्या रात्री, दिवाणजी जेवायला गेला असताना, तो आपल्या बापाचं पान उघडून १८९९पासूनचे रोखे एकाखाली एक मांडून पाहील. त्याला आता उभी रेघ आणि आडवी रेघ कळते. त्या पानावर काय असावं याचा हिशेब मी तुम्हाला करून देईन. मुद्दल, व्याजाचा दर आणि रोखा बदलल्याची सालं तेवढी कळवा.